पाड्याअलीकडचं वळण

चारोटी, १८ नोव्हेंबर २०२४

परेशदादा,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद. कार्यालयाचा शिक्का बघून तू पाकीट फोडणार नाहीस असं आईला वाटतं. मला वाटतं, फोडशील. खुशाली तिच्याकडून कळते, ती इथे पुन्हा विचारत नाही.

कामाचं लिहिते. ऑगस्टपासून मी चारोटीत आहे. रस्त्यावरच्या अपघातांची कारणं शोधणारी आमची तुकडी खताच्या एका बंद पडलेल्या दुकानात बसते. अपघात झाला की पोलिसांच्या मागून आम्ही जातो. घसरल्याच्या खुणा मोजतो, टायर, दिवे, ब्रेक बघतो, जखमी माणूस बोलण्याच्या अवस्थेत असेल तर त्याच्याशी बोलतो. कोणाची चूक, हे आम्ही लिहीत नाही. काय झालं, ते लिहितो. हा फरक तुला मान्य नाही हे मला माहीत आहे.

डहाणूहून चारोटीला येताना मोतीरामचा पाडा लागतो. त्याच्या अलीकडे उजवीकडे वळणारा उतार आहे. तू रोज पहाटे मासळीचा टेम्पो घेऊन तिथून जातोस. बोटी पुन्हा दर्यात जायला लागल्यापासून त्या वळणावर मोटारसायकली घसरताहेत. फक्त मोटारसायकली, फक्त सकाळी, आणि त्यातली एकही कशाला धडकलेली नाही. पोलिसांच्या कागदात दर वेळी एकच वाक्य असतं, भरधाव वेगामुळे ताबा सुटला. पाड्यातले लोक म्हणतात, ती जागा धरते. त्यांनी मैलाच्या दगडाला लाल फडकं बांधलंय, खाली नारळ ठेवलाय. मी दोन्ही कारणं तपासली. वेग नव्हता. दुसरं कारण मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

गेल्या गुरुवारी तिथेच मोतीरामचा मुलगा लक्ष्या गेला. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला निघाला होता. मागे बायको होती, शुक्री. तिचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. लक्ष्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता.

मला तुझ्याकडून एक वस्तू हवी आहे. मासळीखालच्या टाकीत बर्फाचं पाणी साचतं, त्यातलं कॅनभर. चाचणीसाठी हवं आहे. ते पाणी तू कुठे सोडतोस, हेही कळव.

श्रुतिका


चारोटी, २ डिसेंबर

परेशदादा,

कॅन मिळाला. आई तो एसटीने घेऊन आली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वास मारतोय, हे तरी खाली उतरवा, नाहीतर तुम्ही तरी खाली उतरा." आई म्हणाली, "माझं तिकीट काढलंय, त्याचंही काढ." शेवटपर्यंत कॅन तिच्या पायाशीच होता.

तिच्याकडून असंही कळलं की तू पाकीट फोडलं नाहीस. जेवताना तिने ते मोठ्याने वाचलं आणि तू ताटावरून उठला नाहीस. ऐकून झाल्यावर म्हणालास, "मॅडमना सांग, पाणी दर्याचं आहे, दर्याला विचारा." पाणी कुठे सोडतोस, ते सांगितलं नाहीस. कॅन मात्र आईने म्हणायच्या आधी तूच भरून ठेवला होतास. ही गोष्ट तिने मला दोनदा सांगितली.

आई, आता हे वाचायला घेतलंच असेल तर इथे थांब. पुढचं दादासाठी आहे. त्याला हातात दे.

दादा, रस्ता किती धरतो हे मोजायचं एक यंत्र असतं. लंबकासारखा दांडा, त्याच्या टोकाला रबराचा तुकडा. दांडा सोडला की रबर रस्त्याला घासून वर जातं. रस्त्याने जितकं धरलं तितकं ते कमी वर जातं, आणि काटा पकडीचा आकडा दाखवतो, जास्त पकड तितका मोठा. वळणावर कोरड्या डांबरावर बासष्ट आला. साधं पाणी शिंपडल्यावर पंचेचाळीस. तुझ्या कॅनमधलं पाणी ओतल्यावर एकोणीस. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दीप्तीला वाटलं यंत्र बिघडलं. तिने पुन्हा घेतला. सतरा. त्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, तेल आणि बुळबुळ असते, आणि पहाटेचं दव त्यांना वाळू देत नाही.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. लक्ष्याला उचलल्यानंतर त्याच्या जॅकेटची छायाचित्रं मी काढली. बाहीला कोपरापाशी एक खवला चिकटलेला होता. दीप्तीला तो प्लास्टिकचा तुकडा वाटला. ती पुण्याची आहे. "इथे कसला तरी वास येतोय का गं?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला तो सगळीकडेच येतो, मी डहाणूची आहे.

त्यानंतर मी एका पहाटे वळणाखालच्या मोरीवर जाऊन बसले. मासळीचे सगळे टेम्पो बघितले. एकही थांबला नाही, पण वळण सुरू झालं की प्रत्येकाच्या डाव्या अंगाने पाण्याची धार लागायची आणि वळण संपलं की तुटायची. कॅबिनमधून तार ओढून नळ उघडायचा, तार सोडून बंद करायचा. मोटारसायकलच्या क्लचची तार. ही युक्ती कोणाची आहे ते तुला ठाऊक आहे. आपल्या पहिल्या टेम्पोला बाबांनी ती बसवली तेव्हा आपण दोघं खाली आडवे होऊन नळ नीट फिरतो का ते बघत होतो, आणि तुझ्या तोंडावर पाणी पडलं होतं.

वळणच का, हे मी कागदावर काढून बघितलं. गाडी उजवीकडे वळते तेव्हा टाकीतलं पाणी डावीकडे जमा होतं, नळ डावीकडे आहे, म्हणून टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होते. बाबांनी हे कुठे शिकलेलं नव्हतं. त्यांचं गणित बरोबर आहे. पण तिथे रस्त्याचा उतारही उजवीकडे आहे. डावीकडे पडलेलं पाणी अख्खा रस्ता ओलांडून जातं. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला, दोघांनाही ते सापडतं.

नळ बंद ठेव. एवढंच.

श्रुतिका


चारोटी, १६ डिसेंबर

परेशदादा,

हे पत्र जिग्नेशकडे देते आहे. त्याचा टेम्पो तुझ्या मागोमाग असतो, तो तुला बाजारात गाठेल. पाकिटाला गोंदही लावला आहे. आईच्या कानावर हे जाऊ नये.

तू म्हणालास ते मला कळलं. "आधी बापाच्या मयताला टेप लावली, आता वर्षश्राद्धाला लावतेय." वाक्य चांगलं आहे. पण त्यात जे झालं ते नाही, म्हणून मी एकदा लिहून ठेवते. तलासरीपुढे महामार्गाच्या कडेला बाबांचा टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. मागून ट्रेलर आला. मागच्या दिव्यांवर बर्फ झाकायचं गोणपाट लोंबत होतं. तपासात मला विचारलं, तेव्हा मी ते सांगितलं. तुझं म्हणणं होतं, मी गप्प बसायला हवं होतं, दिव्याला काय कोणी विचारणार होतं. दिवा झाकलेला होता, दादा. मी झाकलेला सांगितला. आजही तेच सांगेन.

शनिवारी मी मोतीरामकडे गेले होते. लक्ष्याची मोटारसायकल घराच्या कुडाला टेकवून ठेवलेली होती. मला तिचा मागचा टायर तपासायचा होता. मी मागितला नाही. मोतीरामने मला ओळखलं.

"मोहन मच्छीवाल्याची पोर ना तू? नाक त्याचंच हाय."

मी हो म्हटलं.

"बेस माणूस," तो म्हणाला. बिनदुधाचा चहा आला होता. "पहिलं तुमच्या गाड्या पाड्यातच पानी सोडायच्या. घाण वास मारायचा. माश्या घोंगायच्या, पोरं जेवायची नाय. एक दिस मी काठी घेऊन रस्त्यात आडवा झालो. दुसरा असता तर शिव्या देऊन गेला असता. तुझा बापूस खाली उतरला. म्हणतो, मोतीराम, आजपासून पाड्यात थेंब पडनार नाय. सगळ्या गाडीवाल्यांना त्यानं सांगितला. आजवर नाय पडला बघ. तो मेला, तरी नाय पडला."

मी विचारलं, मग पाणी कुठे सोडतात.

"काय म्हाईत. अलीकडं कुठं तरी सोडत आसतील. रानात."

तो हे बोलत होता तेव्हा त्याची पाठ वळणाकडे होती. शुक्री दारात बसली होती, हाताला प्लास्टर. तिने मला विचारलं, "ताई, रस्त्याला काय होतं?" मी म्हटलं, तपास चालू आहे. हे खोटं नाही. पुरेसंही नाही.

आता तुला कळलं असेल की मी हे आईपासून का लपवते. तू नळ उघडतोस तो आळसाने नाही. बाबांचा शब्द पाळतोस. सगळेच पाळतात. जिग्नेशला मी आत्ताच विचारलं, तर तो म्हणाला, "मोहनकाकांनी सांगितलेलं, बेन. पाड्याच्या आत नळ खोलला तर आपली इज्जत जाईल." त्याने ते अभिमानाने सांगितलं. मी त्याला वळणाचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "परेश काय म्हणतो?"

माझा अहवाल जानेवारीत पूर्ण होईल. त्यात बाबांचं नाव येणार नाही, आम्ही नावं लिहीत नाही. पण कारण येईल, आणि तो ग्रामसभेत वाचला जाईल. नळ वळणावरच का उघडतात असं तिथे कोणीतरी विचारेल आणि मोतीराम तिथेच बसलेला असेल. स्वतःच्या मागण्यामुळे मुलगा गेला, हे त्याला तिथे, सगळ्यांसमोर कळेल. मग पाड्यातली तरुण माणसं पहाटे रस्त्यावर उतरली, तर पहिला टेम्पो तुझा असतो. हे मी भीती घालायला लिहीत नाही. क्रम लिहिते आहे.

त्याआधी तू मोतीरामकडे जा. त्याला तूच सांग. बाबा असते तर खाली उतरले असते.

श्रुतिका


चारोटी, ३० डिसेंबर

दादा,

जिग्नेशने पाकीट आईच्या हातात दिलं. "काकींना काय लपवायचं," म्हणाला म्हणे. तिने सगळं वाचलं आहे.

मला फोन आला. आवाज नेहमीचाच होता. म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून बोलता. तू कागदावर, तो तोंड शिवून. त्याला मी सांगितलंय, सोमवारी श्रुतीला डबा द्यायला जाणार, तुषारच्या मोटारसायकलवर, पहाटे, तुझ्या टेम्पोच्या मागे. मग तू ठरव, नळ उघडायचा की नाही."

मी तिला नको म्हटलं. आकडे सांगितले. ती म्हणाली, "आकडे त्याला सांग, मी पोरं सांभाळलीयत."

तुषारकाकांनाही फोन केला. ते म्हणाले, "रेल्वेत आहे मी, सिग्नलशिवाय एक पाऊल टाकत नाही. वहिनीला नीट आणतो." काकांना ती कशासाठी येते आहे हे तिने सांगितलेलं नाही. मी सांगितलं. ते म्हणाले, "परेश तसं करणार नाही."

तू काय करशील हे मला माहीत नाही. वळणावर मी असेन.

श्रुतिका


मोतीरामच्या पाड्याजवळ, ६ जानेवारी २०२५

दादा,

मोरीच्या कठड्यावर बसून लिहिते आहे. अक्षर वाईट येईल.

उजाडायच्या आधी मी आणि दीप्ती इथे आलो. दीप्तीने वळणाच्या वर लाल झेंडी घेऊन उभं राहायचं ठरवलं होतं. तुझा टेम्पो सगळ्यात आधी आला. वळणावर तू वेग कमी केलास. कॅबिनमधला दिवा लावलेला होता, तो तू कधी लावत नाहीस. तुझे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. मला दिसावेत म्हणून तू दिवा लावलास, असं मी धरून चालते आहे. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. टेम्पो गेल्यावर मी रस्त्यावर हात फिरवला. दव होतं. फक्त दव.

मागोमाग काका आणि आई आले. आई उतरली, चप्पल काढून डांबरावर उभी राहिली. म्हणाली, "बुळबुळीत नाही. पोरगा माझा आहे." मग डबा माझ्या हातात दिला. बोंबलाची चटणी आहे, तुझ्या वाट्याची वेगळी काढून ठेवली आहे असं तिने सांगितलं. ती खुशीत होती. तिला रस्त्याकडेला बसवून मी यंत्र मांडायला घेतलं.

तेवढ्यात जिग्नेशचा टेम्पो आला. दीप्तीने झेंडी दाखवली. त्याने वेग कमी केला, थांबला नाही. वळणाला लागताच त्याच्या डाव्या अंगाने धार सुरू झाली. माझ्यासमोरून जाताना त्याने खिडकीतून हात काढला आणि ओरडला, "बेन, बघून घ्या, पाड्यात थेंब नाय पडणार." त्याला वाटलं मी ते तपासायला उभी आहे. त्याच्या मागचा टेम्पो तसाच गेला. त्याच्या मागचाही. झेंडीला एकही थांबला नाही. मासळी थांबत नाही हे आम्हालाही माहीत होतं.

तू स्वतःचा नळ बंद ठेवलास. बाकीच्यांना सांगितलं नाहीस. ते माझं ऐकणार नाहीत, पोलिसांचं एक दिवस ऐकतील. शब्द मोहनचा आहे, तो मोहनचा मुलगाच मागे घेऊ शकतो.

पाड्यातून शुक्री आली. डाव्या हाताने चुलीतल्या राखेचं घमेलं कमरेवर धरलेलं होतं. आदल्या दिवशी मी राख मागितली होती, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. तिने विचारलं, "कशावर टाकायची?" मी रस्ता दाखवला. तिने घमेलं खाली ठेवलं, वाकून बोट लावलं, वास घेतला. मग माझ्याकडे बघत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं. कसलं पाणी, कोणी सोडलं, कोणाच्या शब्दावर आणि तो शब्द कोणी मागितला होता. अहवालाच्या आधी कोणालाही काही सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. तो मी मोडला.

तिने घमेल्यात हात घातला. राख टाकत राहिली. घमेलं रिकामं झाल्यावर म्हणाली, "सासऱ्याला कोण सांगनार?"

मी म्हटलं, माझा भाऊ.

"कवा?"

मी यंत्राचं रबर पुसायला घेतलं.

"आज सांजपावेतो मी गप राहीन," ती म्हणाली. "मग मी सांगीन. त्याला आन पाड्याला." घमेलं उचलून गेली. मैलाच्या दगडाशी थांबली, त्याचं लाल फडकं सोडलं आणि बरोबर घेऊन गेली.

राखेवर यंत्र लावलं. एकतीस. राख पाणी धरते, तेल धरत नाही.

आईला परत जायचं आहे. वाळत घातलेले बोंबील उन्हं चढायच्या आत उलटायचे आहेत, शेजारणीवर तिचा भरवसा नाही. पुढची एसटी दुपारी आहे. मी म्हटलं, थांब, मी सोडायला येते. ती म्हणाली, "तुझं काम सोडून? तुषार आहे ना." मी काकांना सांगितलं, वळणावर मोटारसायकल ढकलत न्या, आईला चालू द्या. काका हसले. म्हणाले, "येताना आलो की नाही?"

येताना रस्त्यावर मासळीचं पाणी नव्हतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

तू मला फोन करणार नाहीस. गुजरातचा बाजार उरकून दुपारी घरी पोचशील. म्हणून हे पत्र आईच्याच हाती देते आहे, गोंद न लावता. वाटेत तिने वाचलं तरी चालेल. संध्याकाळी मोतीरामच्या अंगणात मी तुझी वाट बघेन.

ती आता पदर खोचून मागे बसते आहे. काकांनी किक मारली आहे. पत्र तिच्या पिशवीत जाईल. ते तुझ्या हातात पडलं, तर ती वळण पार करून गेली, असं समज.

श्रुतिका